समोरची गाडी यायची आहे

माझ्या इंजिनाचं वजन ३४० ग्रॅम आहे. ज्याचं हे मॉडेल, ते मूळ इंजिन सहा आसांवर, म्हणजे चाकांच्या सहा जोड्यांवर, उभं होतं आणि एकाही आसावर ५ टनांपेक्षा जास्त भार पडायचा नाही, म्हणजे सगळं मिळून ३० टनांच्या आत. ४८ पट लहान करताना लांबी ४८ नं भागली जाते, पण वजन भागलं जातं ४८ च्या घनानं, म्हणजे १,१०,५९२ नं. ३० टनांचे उरतात २७१ ग्रॅम. वरचं सत्तरेक ग्रॅम शिसं आहे. मूळ इंजिनात जिथं पाणी असायचं, त्या बाजूच्या टाक्यांमध्ये ते भरलंय. हिशोबाच्या वजनावर इंजिन मालाच्या रिकाम्या वाघिणीसुद्धा चढावर नेईना, चाकं जागच्या जागी फिरत राहायची.

मॉडेल म्हणजे मूळ वस्तू लहान केलेली, असं सगळ्यांना वाटतं. मलाही वाटायचं. पण लहान होते ती फक्त लांबी. वजन, वेग, उष्णता, आवाज, मातीचा रंग, या प्रत्येकाची लहान होण्याची रीत वेगळी, आणि काही गोष्टी तर लहान व्हायला साफ नकार देतात. गेली अकरा वर्षं मी बार्शी लाईट या छोट्या रेल्वेचं मॉडेल करते आहे. त्यातली निम्मी वर्षं या नकारांशी जुळवून घेण्यात गेली.

बार्शी लाईट हे नाव मराठी माणसाला नवीन नाही. सोलापूर, धाराशिव, लातूर भागात जरा वय झालेल्या कुणाहीसमोर हे दोन शब्द उच्चारा, माणूस खुर्ची ओढून बसतो. १८९५ साली लंडनमध्ये कंपनी स्थापन झाली. १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी अशी पहिली गाडी धावली. हे बार्शी रोड म्हणजे आजचं कुर्डुवाडी. १९०६ मध्ये रूळ पंढरपूरला पोचले, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला. एकूण २०२ मैल. दोन रुळांमधलं अंतर अडीच फूट, ७६२ मिलिमीटर. १९५४ साली सरकारनं ही रेल्वे विकत घेतली.

माझं बालपण बार्शीतलं. आषाढीला आजीबरोबर पंढरपूरला जायचं तर आधी कुर्डुवाडी गाठायची, तिथं गाडी बदलायची. त्या गर्दीचं मला फारसं आठवत नाही, कारण मी सात वर्षांची होते आणि माझ्या उंचीवर फक्त लुगड्यांचे काष्टे आणि गाठोडी होती. आठवतो तो इंजिनाचा दांडा. माणसांच्या पायांमधून फटीतून दिसणारा, तेलानं चकाकणारा, वर जाणारा, पुढं सरणारा, खाली येणारा. आजीचा हात सोडून मी त्याच्याकडे गेले होते. आजीनं मला शोधलं तेव्हा मी इंजिनाच्या अगदी जवळ उभी होते, आणि वरून माझा मामा, चेहरा काळा, डोक्याला रुमाल, खाली वाकून बघत होता. तो कुर्डुवाडीला फायरमन होता, इंजिनाच्या भट्टीत कोळसा टाकणारा. मला ओळखून त्यानं भट्टीचं दार क्षणभर उघडून दाखवलं. आत आगीचा रंग तांबडा नव्हता, पिवळट पांढरा होता. तो रंग मी मॉडेलमध्ये अजून आणू शकलेले नाही. तीन वेगवेगळे दिवे लावून पाहिले, तिन्ही काढून टाकले.

पुढं मी यंत्रांची ड्रॉइंग काढण्याची नोकरी केली, तीस वर्षं. निवृत्तीच्या सुमाराला ड्रॉइंग बोर्ड रिकामा झाला तेव्हा त्याच्यावर पहिली रेघ मारली ती या इंजिनाची.

ही रेल्वे उभी करणारा इंजिनिअर एव्हरार्ड कॅल्थ्रॉप. त्याच्याबद्दल थोडं विस्तारानं सांगायला हवं, कारण त्याच्या डोक्यात काय होतं ते मला वाचून कळलं नाही, माझं इंजिन बंद पडलं तेव्हा कळलं.

रूळ किती जाड घ्यायचा, हे गाडीतल्या सगळ्यांत जड आसावरून ठरतं. इंजिनाच्या एका आसावर समजा ९ टन येत असतील आणि मागच्या वाघिणींच्या आसांवर ४, तर रूळ ९ टनांचाच घालावा लागतो. सबंध मार्गभर. इंजिन एखाद्या ठिकाणावरून काही सेकंदांत निघून जातं, पण त्याच्यासाठी मैलोन् मैल जड लोखंड अंथरून ठेवायचं आणि त्या लोखंडाची उरलेली ताकद वाघिणींनी कधी वापरायचीच नाही. कॅल्थ्रॉपला हे पटेना. त्यानं ठरवलं की आस इंजिनाचा असो, डब्याचा असो की वाघिणीचा, मर्यादा एकच: ५ टन. मग तीन फुटांच्या दर यार्डाला ३० पौंडांचा, म्हणजे मीटरला साधारण १५ किलोचा हलका रूळ पुरला. चार आसांच्या वाघिणीला मालासकट २० टनांपर्यंत जाता आलं. जो भार पेलायला रूळ घातला, तो भार प्रत्येक चाकानं उचलला. गाड्या हिंदुस्थानात पाठवण्याआधी इंग्लंडमध्ये लीड्सजवळ न्यूले इथं तात्पुरते रूळ टाकून त्यानं हे सगळं लोकांना चालवून दाखवलं होतं.

इंजिन मात्र या हिशोबात बसवणं अवघड. ताकद हवी तर वजन हवं, आणि वजन तर ५-५ टनांत वाटायचं. म्हणून लीड्सच्या किटसन कंपनीकडून आलेली पहिली पाच इंजिनं ०-८-४ मांडणीची होती. पुढं टेकूचं चाक नाही, मग एकमेकांना दांड्यांनी जोडलेली आठ चाकं, मागं चार लहान चाकं. तिथूनच माझी सुरुवात झाली.

(कॅल्थ्रॉपनं पुढं इंग्लंडमध्ये स्टॅफर्डशायरला लीक अँड मॅनिफोल्ड नावाची तशीच अडीच फुटी रेल्वे केली, १९०४ साली सुरू झालेली. तिची इंजिनं पाहिली की बार्शीची भावंडं वाटतात. ती रेल्वे तीस वर्षांत बंद पडली, तरी तिची मॉडेलं जगभर होतात. विमानातून उडी मारण्यासाठी ‘गार्डियन एंजल’ नावाची हवाई छत्री करणारा कॅल्थ्रॉप तो हाच. १९२७ मध्ये, मिरजेची लाईन सुरू झाली त्याच वर्षी, तो वारला.)

प्रमाण १:४८ घेण्याचं कारण साधं आहे. ७६२ ला ४८ नं भागलं की १५.९ मिलिमीटर येतात, आणि १६.५ मिलिमीटरचा रूळ बाजारात तयार मिळतो, त्याच्यावर चालणारी चाकं मिळतात, मोटारी मिळतात. १६.५ ला उलट ४८ नं गुणलं तर ७९२. म्हणजे माझी बार्शी लाईट मूळ गाडीपेक्षा ३० मिलिमीटर रुंद रुळांवर धावते. एवढी तडजोड मी स्वीकारली. रूळ मात्र तयार घेतला तो फक्त सुट्या पट्टीच्या रूपात. तयार ट्रॅकची पट्टी मेन लाईनच्या उंचीची असते आणि तिच्यावर ही गाडी ठेवली की सगळं खोटं दिसायला लागतं. बार्शीचा रूळ हलका होता, हीच तर त्या रेल्वेची गोष्ट. म्हणून ७० हजारांश इंच, जवळपास पावणेदोन मिलिमीटर उंचीची पट्टी घेतली आणि स्लीपरवर एक एक करून हातानं बसवली.

सांगाडा पितळी पत्र्याचा. चार आसांची आठ भोकं दोन्ही पत्रे एकावर एक ठेवून एकदमच पाडली, म्हणजे चुकायला जागा नको. कागदावर आठही चाकं रुळाला टेकलेली होती. माझं सगळं आयुष्य कागदावर गेलेलं, त्यामुळे कागदावर विश्वास होता. पहिल्या दिवशी इंजिन सरळ रुळावर दीड हात गेलं आणि थांबलं. बोटानं ढकललं की पुन्हा जरा चाले. सांध्यावर, जिथं रूळ तुटक असतो, तिथं तर हमखास थांबे. मोटर चांगली, वायर चांगली, रूळ पुसून लख्ख. तरी थांबे.

पतंगाचा कागद घेतला. त्याच्या बारीक पट्ट्या कापल्या आणि इंजिन उभं असताना एकेका चाकाखाली सरकवून पाहिल्या. जे चाक रुळाला नीट टेकलंय त्याच्याखाली कागद जात नाही. डावीकडून दुसऱ्या आणि तिसऱ्या चाकाखाली कागद आरपार गेला. उजवीकडे पहिलं आणि चौथं. आठांपैकी चारच चाकं खरी टेकत होती, बाकीची केसाएवढ्या अंतरानं हवेत. वीज रुळातून चाकामार्फत मोटरला जाते, तेव्हा हवेतलं चाक म्हणजे तुटलेली वायर. आणि भारही चारच चाकांवर, म्हणून घसरणं.

त्या पट्ट्या हातात धरून मी बराच वेळ बसले होते. रूळ कधी पाटासारखा सपाट नसतो, ना माझ्या टेबलावर, ना काळ्या मातीत, जी पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. मग आठ चाकं एका ताठ चौकटीत घट्ट धरून ठेवली तर ती सगळी एका वेळी रुळाला टेकणार कशी? कॅल्थ्रॉपचे ५ टन मी वाचले होते, पाठही होते. पण ‘प्रत्येक आसावर ५ टन’ असं म्हणणं सोपं, आणि चढउताराच्या रुळावरून जाताना ते ५ टन क्षणोक्षणी प्रत्येक आसाला मिळत राहतील अशी व्यवस्था करणं हे खरं काम, हे त्या पट्ट्यांनी शिकवलं. मोठ्या इंजिनात त्यासाठी स्प्रिंगा असतात, आणि एका आसावरचा जादा भार शेजारच्या आसाकडे ढकलणाऱ्या तुळया असतात. तराजूच्या दांडीसारखी तुळई, मध्ये टेकू. एक चाक उचललं गेलं की दुसरं दाबलं जातं, आणि दोघांवरचा भार सारखा राहतो.

मग चौकट मोडली. भोकांच्या जागी उभ्या खाचा केल्या, त्यात वरखाली सरकणारे पितळी ठोकळे बसवले. मागच्या दोन आसांना दोन्ही बाजूंनी एकेक तुळई दिली. पुढच्या दोन आसांवर मधोमध एकच. सगळं इंजिन असं तीन ठिकाणी टेकलं: डावा टेकू, उजवा टेकू आणि पुढचा मधला. चार पायांचं स्टूल डुगडुगतं, तिवई कधी डुगडुगत नाही, ते याच कारणानं. आस वेगवेगळे हलायला लागले म्हटल्यावर दांडेही अखंड ठेवता येत नाहीत, त्यांना खिळ्यांजवळ सांधे द्यावे लागले. आणि मागच्या चार लहान चाकांवरची स्प्रिंग जरा जरी जड झाली तरी ती इंजिनाचा मागचा भाग उचलून धरते, मोठ्या चाकांचा भार पळवते. ती स्प्रिंग मी सात वेळा बदलली. शेवटी गिटारच्या सगळ्यांत बारीक तारेची बसली.

या सगळ्याला चौदा महिने लागले. पुन्हा कागदाच्या पट्ट्या लावल्या. आठांतल्या एकाही चाकाखाली कागद गेला नाही.

दांड्यांचं आणखी एक आहे. इंजिनाच्या दोन बाजूंचे दांडे एकाच वेळी वर नसतात. एक वर असताना दुसरा पुढं किंवा मागं असतो. दोघांत काटकोनाचं अंतर असतं. सायकलचं पेडल नेमकं वरच्या टोकाला आलं की पायानं कितीही जोर दिला तरी चाक फिरत नाही, तसं वाफेच्या इंजिनाचंही होतं. दट्ट्या टोकाला पोचला की तो क्षण मेलेला. म्हणून एका बाजूचा क्षण मेलेला असताना दुसरी बाजू भर जोरात हवी. त्यामुळेच चाकाच्या एका फेरीत वाफ चार वेळा चिमणीतून सुटते, दोन्ही बाजूंची दोन-दोन वेळा, आणि आपण ज्याला छुकछुक म्हणतो ते चारचं आवर्तन तयार होतं. माझ्या इंजिनात मोटर आहे, दट्टे नुसते शोभेचे. मेलेला क्षण तिथं नाहीच. तरीही काटकोन नेमका लागतो, आणि चारही आसांना हुबेहूब तोच. एका आसात अर्ध्या अंशाचा फरक राहिला की दांडे अडकतात, इंजिन लंगडतं. त्यासाठी मी एक पितळी ठोकळा कोरला, त्यात चाकांची जोडी बसवून कोन पक्का करायची. त्या ठोकळ्याचा मला इंजिनाइतकाच अभिमान आहे.

खऱ्या वाफेवर का नाही चालवलं, असं मला खूपदा विचारतात. मोठ्या प्रमाणाची मॉडेलं खऱ्या वाफेवर उत्तम चालतात. पण १:४८ मध्ये बॉयलर उरतो अंगठ्यापेक्षा जरा जाड. त्याचं पाणी कमी होतं घनाच्या प्रमाणात आणि बाहेरचा पत्रा कमी होतो वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे जेवढं पाणी तापवायचं त्याच्या मानानं उष्णता बाहेर टाकणारा पत्रा ४८ पट जास्त. तापवलेलं पटकन निवतं. आणि त्या एवढ्याशा वाफेवर गाडी चालते ती धावत. मला धावणारी गाडी नको होती.

मला हळू जाणारी गाडी हवी होती. बार्शी लाईटच्या संथपणाचे किस्से सगळ्यांनी ऐकलेले असतात. मला त्या संथपणात कधी कमीपणा वाटला नाही. हलका रूळ, बारीक माती, वळणं घेत बालाघाटात चढणारी वाट, आणि तरी लातूरचा माल आणि पंढरीची माणसं शंभर वर्षं नेलीच ना तिनं! मॉडेलमध्ये हळू जाणं हीच सगळ्यांत कठीण गोष्ट आहे. वेगात गेलं की खोटं झाकलं जातं, इंजिन आपल्या जोरावर वाईट जागा ओलांडून जातं. शंटिंग करताना, म्हणजे स्टेशनात डबे इकडेतिकडे हलवताना, माणसाच्या चालीनं, ताशी ५ किलोमीटर धरले, तर टेबलावर सेकंदाला तीन सेंटिमीटरसुद्धा होत नाहीत. माझं टेबल ३ मीटर ६० सेंटिमीटर लांब आहे. ते ओलांडायला दोन मिनिटं लागतात. त्या दोन मिनिटांत दांडा वर जाताना दिसतो, पुढं सरताना दिसतो, खाली येताना दिसतो. मी सात वर्षांची असताना लुगड्यांच्या फटीतून पाहिला तसा.

टेबलाच्या लांबीचं दुःख मात्र कायमचं आहे. ३ मीटर ६० म्हणजे खऱ्या जगातले १७३ मीटर. कुर्डुवाडी ते बार्शी एवढंच अंतर जरी प्रमाणात करायचं म्हटलं तरी ७०० मीटर लांबीची खोली लागेल. तेव्हा गाळावं लागतं. मी एक छोटं स्टेशन केलंय, दोन रूळ, एक सायडिंग, पाण्याचा खांब, राखेचा खड्डा. त्यात येडशीचं काही आहे, मोडनिंबचं काही आहे. नावाची पाटी उभी केली आहे, पण तिच्यावर नाव लिहिलेलं नाही. टेबलाच्या डाव्या टोकाला कुर्डुवाडीचा एक तुकडा, जिथं मोठ्या लाईनची वाघीण आणि बार्शीची वाघीण फलाटाच्या दोन बाजूंना उभ्या असत आणि पोती एकीतून दुसरीत पाठीवरून जात. ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, माझ्या प्रमाणात ३४.९, बार्शी साडेसोळा. दोन्ही शेजारी ठेवले की पोत्यांचं ते काम किती असेल हे सांगावं लागत नाही. कितीही नेटकी रेल्वे केली तरी शेवटी दुसऱ्या मापाच्या रुळाशी तिला माल उतरवावाच लागतो. लहान मापाच्या रेल्वेचं हे दुखणं कुठंच बरं झालं नाही. शेवटी रूळच बदलले. २००८ पर्यंत कुर्डुवाडी ते लातूर ब्रॉडगेज झालं. जुनी बार्शी लाईट धाराशिव शहराला कधी शिवली नव्हती, नवी वाट शहरातून गेली. येणाऱ्या-जाणाऱ्यांचं त्यात भलं झालं, आणि मला त्याचा आनंद आहे. पण काही ठिकाणी जुनी वाट नुसतीच पडून राहिली.

अशा एका ठिकाणी, येडशीच्या रामलिंगाजवळ, मी एका हिवाळ्यात चालत गेले होते. रूळ नव्हते. भरावावर बाभळी आल्या होत्या. पायानं माती उकरली तर आत इंजिनाची राख, वितळून गोठलेले कोळशाचे खडे, हलके, भोकाभोकांचे. मूठभर पिशवीत घेतले. घरी खलबत्त्यात कुटून, मलमलीतून गाळून ते माझ्या स्टेशनावरच्या राखेच्या खड्ड्यात घातले. इतकं बारीक कुटल्यावर ती राख कुठूनची हे बघणाऱ्याला कळायचं कारण नाही. मला माहीत आहे.

तिथलीच काळी माती आणली होती, तिचं मात्र काही जमेना. खरी माती, तीच, गाळून टेबलावर पसरली तर डांबर सांडल्यासारखी दिसली. उघड्या रानात माती आपण दुरून पाहतो, मध्ये हवा असते, धूळ असते, ऊन असतं. रंग त्यातून निवळून येतो. टेबलावर मध्ये काहीच नाही. तिच्यात राखाडी आणि थोडी तांबूस पूड मिसळत गेले, तेव्हा कुठं ती सोलापुरी जमीन वाटायला लागली. खरी माती खोटी दिसली आणि भेसळीची खरी. ज्वारी केली काथ्याच्या तंतूंची, एकेक ताट वेगळं चिकटवून, कणसाच्या जागी लाकडाचा भुसा. दोन वीत रान भरायला एक अख्खी दिवाळी ते होळी गेली.

मामा आता ८४ वर्षांचे आहेत. बार्शीहून त्यांना पुण्याला आणलं ते डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी, आणि ऑपरेशननंतर तीन आठवड्यांनी मी त्यांना टेबलासमोर बसवलं. इंजिन, चार वाघिणी, दोन डबे. मी गाडी सुरू केली. घाटाच्या बाजूनं गाडी आली, स्टेशनात थांबली, मिनिटभर उभी राहिली आणि निघाली.

“थांब थांब,” मामा म्हणाले. “पाणी कुठं घेतलं?”

मी गाडी थांबवली.

“एवढा घाट चढून आली, आन् तशीच निघाली व्हय? टाकी बघितली का फायरमननं? पुढं पाणी न्हाई मिळायचं.”

पाण्याचा खांब मी केला होता. सोंड फिरणारा, साखळीसकट. पण तो मी देखावा म्हणून केला होता. गाडी त्याच्याजवळ नेमकी थांबली पाहिजे, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. डब्यांची दारं फलाटाला लागतील अशी मी गाडी उभी करत होते, प्रवाशासारखी. मामा ती गाडी इंजिनावरून बघत होते.

त्या दिवशी त्यांनी मला आणखी दोन गोष्टी सांगितल्या. एक म्हणजे निघताना इंजिन एकदम उचलायचं नाही. “आधी आकडे ताणू द्यावं. पहिली वाघीण हलली, मग दुसरी, मग तिसरी. मागच्या डब्यात म्हातारी उभी असती, तिला कळलं बी न्हाई पाहिजे गाडी हलल्याचं.” त्यासाठी मी सगळे आकडे पुन्हा केले, प्रत्येकात अर्ध्या मिलिमीटरची ढील ठेवून. आता गाडी निघताना एकेक वाघीण पाठोपाठ हलते, आणि प्रत्येक वेळी इतका बारीक टिक असा आवाज येतो की पंखा बंद केला तरच ऐकू येतो. दुसरी गोष्ट भट्टीची. मी विचारलं, आतला रंग नेमका कसा होता? मामांनी बराच विचार केला. “रंग कुणी बघतंय,” म्हणाले. “झळ लागायची. डोळं मिटूनच कोळसा टाकायचो.”

मामांच्या हातातली इंजिनं ही माझ्या ०-८-४ च्या पुढच्या पिढीची, २-८-२. मागं वेगळा कोळशाचा टेंडर असलेली, लांब. त्यांच्यासमोर मी त्यांच्या आजोबांच्या काळचं इंजिन चालवत होते. त्यांनी तसं बोलून दाखवलं नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना विचारलं, “आमचं कधी करणार?” म्हणून गेल्या वर्षी दुसऱ्या इंजिनाची चौकट सुरू केली. या वेळी खाचा आणि तुळया पहिल्यापासूनच. काटकोनाचा ठोकळा तोच. मामांनी फोनवरून मला फूटप्लेटवर, म्हणजे ड्रायव्हर-फायरमन उभे राहतात तिथं, काय कुठं असतं ते सांगितलं: रेग्युलेटरची मूठ, पाण्याची काच, इंजेक्टरची चाकं, आणि जेवणाचा डबा अडकवायचा एक खिळा, जो कुठल्याच ड्रॉइंगमध्ये सापडणार नाही.

या दिवाळीत ते पुन्हा आले होते. मी कंट्रोलर त्यांच्या हातात दिला. पहिल्यांदा त्यांचा हात कापत होता, मग नाही. गाडी घाटातून वर आली, पाण्याच्या खांबाशी अर्ध्या बोटाच्या फरकानं थांबली. मामांनी ती पाव इंच मागं घेतली, नेमकी लावली. टाकी भरायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ ते स्वस्थ बसले. मी घड्याळ पाहिलं नाही. मग त्यांनी गाडी फलाटाला आणली आणि कंट्रोलर शून्यावर नेला.

“चला की मामा,” मी म्हणाले. “पुढं रस्ता मोकळा आहे.”

“एकेरी लाईन हाय पोरी. समोरची गाडी यायचीय.” त्यांनी रिकाम्या दुसऱ्या रुळाकडे बोट दाखवलं. “कुठं आलीय ती?”

समोरची गाडी बाकावर होती. २-८-२ ची चौकट, उलटी ठेवलेली, चार आस बसलेले, दोन बाजूंना दांडे अजून लागायचे होते. मी ती उचलून त्यांना दाखवली. त्यांनी एक चाक अंगठ्यानं फिरवून पाहिलं.

“मग थांबू,” ते म्हणाले, आणि कंट्रोलर मांडीवर ठेवून मागं टेकून बसले.